पालकाची सही

फोनवरची ती मुलगी निदान उद्धट तरी असायला हवी होती. तसं असतं, तर जयंतीनं तिला चार शब्द सुनावले असते, फोन आपटला असता आणि विषय डोक्यातून काढून टाकला असता. पण मुलगी गोड होती. तिकडे अमेरिकेतल्या कॉलेजच्या ऑफिसात तिची सकाळ होती, आवाजात झोप पुरी झाल्याचं समाधान होतं. तिनं दोनदा माफी मागितली आणि मग म्हणाली, "आमच्या नियमाप्रमाणं तुम्ही निहारच्या पालक ठरत नाही, मॅडम." वर दिवस छान जावो म्हणून शुभेच्छाही दिल्या. हे झालं गुरुवारी. आता रविवार उजाडला होता, दीर-जाऊ, मोहन आणि प्रमोदिनी, रॉटरडॅमजवळच्या कापेलहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता, आणि जयंती स्वयंपाकघरात श्रीखंड घोटत उभी होती. त्या मुलीचं वाक्य अजून कानातून गेलेलं नव्हतं.

श्रीखंड क्वार्कचं होतं. इथल्या सुपरमार्केटात मिळणारा क्वार्क नावाचा दह्यासारखा प्रकार रात्रभर फडक्यात टांगून ठेवला की त्याचा चक्का होतो, हा शोध उइटहॉर्न या डच गावातल्या मराठी बायकांनी केव्हाच लावला होता. तो घोटावा लागत नाही. तरी जयंती घोटत होती.

"अगं, किती घोटशील? आधीच मऊ आहे ते," प्रकाश दारातून म्हणाला.

"गुठळ्या राहतात."

तो वळून खिडकीशी जाऊन बसला. जूनमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं, कंपनी पुढचं काही सांगत नव्हती, आणि काम नाही तर इथं राहायचा परवाना नाही हे दोघांनाही पाठ होतं. पूर्वी प्रकाश अशा वेळी चिडायचा, फोन फिरवायचा, वरिष्ठांच्या नावानं बोटं मोडायचा. हल्ली तो चिडत नसे. सुट्टीच्या दिवशी खिडकीजवळ बसून ओळीतल्या सारख्याच घरांकडे बघत राही, आणि जयंतीला त्याच्या चिडण्यापेक्षा या बघत राहण्याची जास्त धास्ती वाटे.

निहार वरच्या खोलीत होता. एकोणीस वर्षांचा मुलगा. इथल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला पुरेसे विषय सुटले नाहीत म्हणून त्याला त्या अभ्यासक्रमातून सरळ बाहेर काढलं होतं. इथली रीतच तशी. तेव्हापासून तो सकाळी दुकानात शेल्फांवर डबे लावायला जायचा आणि उरलेला दिवस खोलीत काढायचा. वर्षभर त्यानं कुणाकडे काही मागितलं नाही. नवे बूट नाहीत, सायकलचा दिवा गेला तर दिवाही नाही. आणि मग महिन्याभरापूर्वी तो एकदम खाली आला आणि म्हणाला, "आई, एक अमेरिकन युनिव्हर्सिटी आहे, सगळं ऑनलाइन. जूनमध्ये आपण पुण्याला गेलो तरी मला ते चालू ठेवता येईल." त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते जयंतीनं पुष्कळ दिवसांनी पाहिलं होतं. इंटरनेटवरचं कॉलेज म्हणजे काय हे तिला नीटसं कळलंही नव्हतं, पण ती लगेच हो म्हणाली.

फी भरणं आता शक्य नव्हतं. इथल्या सरकारची विद्यार्थ्यांना मिळणारी मदत निहारच्या परवान्याला लागू नव्हती. पण तो जन्मला होता न्यू जर्सीत, पासपोर्ट अमेरिकेचा होता, आणि तिथलं सरकार आपल्या नागरिकांना शिकायला मदत करतं, मग ते राहोत कुठंही. अर्ज इंटरनेटवरच भरायचा होता. काल त्यातल्या एका प्रश्नावरून एक भांडण होऊनही गेलं होतं, कारण मुलाचं नाव सैन्याच्या नोंदीत घालू का, असं तो अर्ज विचारत होता. ती नुसती नोंद असते, सगळ्याच मुलांची असते, हे जयंतीला पटवताना बाप-लेकाच्या तोंडाला फेस आला. पण ते भांडण मिटलं. खरं अडलं होतं ते पुढच्या पानावर. विद्यार्थी चोवीस वर्षांच्या आतला, म्हणजे पालकांची माहिती हवी, पालकांची सही हवी. आणि पालक म्हणजे जन्म दिलेले, नाहीतर कोर्टातून दत्तक घेतलेले. वाढवलेले काका-काकू चालत नाहीत.

ही गोष्ट घरात कुणापासून लपवलेली नव्हती. निहारलाही कळायला लागल्यापासून ठाऊक होती. मोहन हा प्रकाशचा धाकटा भाऊ. मोहन आणि प्रमोदिनी न्यू जर्सीत असताना त्यांना आधी वल्लरी झाली, मग निहार. इकडे पुण्यात जयंतीची कूस दोनदा भरून रिकामी झाली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. प्रमोदिनी दहा महिन्यांच्या निहारला घेऊन उन्हाळ्यात पुण्याला आली, सासूबाईंनी म्हणजे लीलावतीबाईंनी देवापुढे पाट मांडला, आणि प्रमोदिनीनं आधी तांदूळ, खण, नारळ आणि त्यावर निहार, असं सगळं जयंतीच्या पदरात घातलं. ओटी भरली. सासूबाई म्हणाल्या, "जयंती, चार दाणे परत ठेव तिच्या हातावर. रीत आहे." पण जयंतीनं पदराची गाठ अशी आवळून धरली होती की तिला ऐकूच आलं नाही. की आलं, पण तिनं ऐकलं नाही. एक दाणा परत गेला नाही. पुढे ही गंमत म्हणून घरात सांगितली जायची, लग्नामुंजीत हमखास निघायची, आणि सगळे हसायचे.

कागद मात्र कुणी केला नाही. घरातल्या घरात मूल इकडचं तिकडे गेलं, त्याला कोर्ट कशाला, असंच सगळ्यांना वाटलं. पुढे प्रकाशला इथं काम मिळालं, तेव्हा निहारचा परवानाही प्रकाशनं सांभाळ केलेला पुतण्या म्हणूनच झाला. मोहननं फक्त संमती लिहून दिली होती. मग मोहनची कंपनी त्याला रॉटरडॅमला घेऊन आली आणि दोन्ही घरं तासाभराच्या अंतरावर आली. जयंतीला त्याचा आनंद झाला होता, असं ती सगळ्यांना सांगत असे.

दाराची घंटा वाजली.

मोहन कोट काढता काढताच म्हणाला, "दादा, पाच वाजता निघायला लागेल बरं का, उद्या सकाळी मला मीटिंग आहे." तो कुठंही गेला तरी निघायची वेळ आधी सांगत असे. त्याच्या मागून वल्लरी आली, खांद्याला लॅपटॉप. ती अमेरिकेत कॉलेजला असताना चार वर्षं हाच अर्ज भरत होती, म्हणून आज तिला पाचारण. सगळ्यात शेवटी प्रमोदिनी. पँट, लांब कोट, केस कापलेले, हातात डबा.

"भाजणीच्या चकल्या आहेत. सगळ्यांसाठी," ती म्हणाली.

चकल्या निहारच खातो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. प्रमोदिनी दर वेळी आणायची आणि दर वेळी 'सगळ्यांसाठी' म्हणायची. जयंती दर वेळी डबा घ्यायची आणि म्हणायची, "कशाला एवढा त्रास घेतलास." आजही म्हणाली.

निहार खाली आला. मोहनच्या पाया पडायला वाकला तशी मोहननं त्याला अर्ध्यातच धरून खांदा थोपटला. "काय म्हणतोस?"

"ठीक, काका."

वल्लरीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता ओटा होता, त्यामुळे जयंती पुऱ्या लाटत होती तरी तिला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. प्रमोदिनीनं न विचारता बाह्या वर केल्या आणि तळायला उभी राहिली.

"जयूकाकू, मी त्याचा भाग सगळा भरलाय," वल्लरी म्हणाली. "आता फक्त पेरेंट्स. इथं बाबांचं आणि आईचं इन्कम टाकायचं, डॉलरमध्ये करून. सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख. आणि एका पेरेंटची सही. ऑनलाइन सहीचा पिन मागवला तर यायला वेळ लागेल, त्यापेक्षा कागदावर सही करून पोस्टानं पाठवू. या आठवड्यात गेलं पाहिजे हां, मे महिन्याची बॅच आहे त्याची."

"आपल्या कायद्यानं देणं-घेणं झालं की दत्तक झालंच," प्रकाश खिडकीजवळून म्हणाला. "शशिकांत वकिलांनी तेव्हा आईला तसंच सांगितलं होतं."

"दादा, शशिकांत वकील आता तिकडं फोन करून सांगणार आहेत का?" मोहननं चष्मा पुसला. "बर्थ सर्टिफिकेटवर आमची दोघांची नावं आहेत. त्यांच्या लेखी विषय संपला. माझी अडचण वेगळी आहे. माझ्या प्रत्येक कागदावर एकच मूल आहे. टॅक्सला एक, इन्शुरन्सला एक, इथल्या खेमेन्टेच्या, नगरपालिकेच्या नोंदीत एक. आता एकदम एकोणीस वर्षांचा मुलगा दाखवायचा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर—"

वरून विमान गेलं. उइटहॉर्नमध्ये विमान गेलं की बोलणारा थांबतो आणि ऐकणाराही थांबतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण या वेळी विमान गेल्यावर मोहन पुन्हा चष्मा पुसायला लागला. त्यालाच आपण काय बोललो ते बहुतेक तेवढ्या वेळात ऐकू आलं असावं.

निहार टेबलाच्या कडेला टेकून उभा होता. "काका, आय नो मी तुमच्या पेपर्सवर नाहीये," तो म्हणाला. "मला ते कधी नको होतं. या एकाच पेपरवर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. नाही तर इट्स ओके. दुकानात ते मला फुल टाइम घेतायत."

त्यात ना राग होता ना लाडीगोडी. थकलेल्या माणसानं बसमध्ये शेजारच्याला जागा आहे का विचारावं, तसं त्यानं विचारलं.  जयंतीच्या हातात लाटणं तसंच राहिलं.

"दुकानाचं नाव काढू नकोस," ती म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"वहिनी, मी नाही कुठं म्हणतोय," मोहन घाईनं म्हणाला. "मी फक्त अडचण सांगितली."

"अजून एक रस्ता आहे," वल्लरी मध्येच म्हणाली. ती लॅपटॉपवर काही वाचत होती. "ओव्हरराइड म्हणतात त्याला. युनिव्हर्सिटीच्या फायनान्शियल एड ऑफिसला लिहायचं की याचे पेरेंट्स पिक्चरमध्येच नाहीत. मग याला इंडिपेन्डंट धरतात. पेरेंट्सचं काहीच लागत नाही. ना इन्कम, ना सही."

मोहन खुर्चीत सरळ झाला. "मग हेच करा की."

"बरं होईल ते," प्रकाशही म्हणाला. पाहुणे आल्यापासून पहिल्यांदा तो खिडकीपासून उठून टेबलाशी आला. दोघा भावांचं एका मिनिटात एकमत झालं, जे त्यांच्या वडिलांच्या घराच्या वाटणीतही झालं नव्हतं. प्रकाशनं ओट्यापलीकडे जयंतीकडे बघितलं, आणि तिला कळलं की हे तो तिच्यासाठी बोलतोय. दुसरीचं नाव आईच्या रकान्यात चढताना तिला बघावं लागू नये, म्हणून.

आणि खरं सांगायचं तर जयंतीला उजाडल्यासारखं झालं. गुरुवारपासून छातीवर जो दगड होता तो हलला. प्रमोदिनीचं नाव नको, सही नको. निहार एकटा आणि त्याचं कॉलेज. ती मुलगी पुन्हा फोन करेल तेव्हा हा विषयच निघणार नाही. लाटणं पुन्हा फिरायला लागलं.

"लिहायचं काय त्यात?" प्रकाशनं विचारलं.

वल्लरीनं स्क्रीनवरचं पान खाली सरकवलं. "दोन लेटर्स लागतात. एक बाहेरच्या माणसाचं. टीचर, डॉक्टर, कुणीही चालतं."

"इथल्या फॅमिली डॉक्टरला, हाउसआर्ट्सला सांगू. तो पॅरासिटॅमॉलशिवाय काही लिहून देत असेल तर," प्रकाश म्हणाला. कुणी हसलं नाही.

"आणि दुसरं आईचं किंवा बाबांचं. की आम्ही याला..." वल्लरीनं आईकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. "अ‍ॅबॅन्डन केलं. टाकून दिलं. काही संबंध ठेवला नाही."

कढईत पुरी फुगून वर आली होती. प्रमोदिनीनं ती उलटली, निथळली, कागदावर ठेवली. मग पाठमोरीच म्हणाली, "लिही. मी सही करते."

"आई, तसं नाही गं—"

"अगं, शब्दच आहे. मी लिहून देते, टाकला म्हणून. त्याचं काम होऊ दे. मला इंग्लिशमध्ये नीट जमणार नाही, तू टाइप कर." पुढची पुरी तिनं तेलात सोडली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, भाजी आणायची यादी सांगावी तसा. पण ती झाऱ्यानं पुरी नको इतकी दाबत होती आणि तेल बाहेर उडत होतं, हे टेबलाशी बसलेल्यांना दिसत नव्हतं. जयंतीला दिसत होतं.

जयंतीनं गॅस बंद केला.

"काय झालं?" प्रमोदिनी म्हणाली.

"तेल तापलंय जास्त. जरा थांब."

दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. टेबलाशी मोहन वल्लरीला मजकूर सांगायला लागला होता. मीटिंगचं इतिवृत्त लिहावं तसा तो वाक्यं जुळवत होता.

"तुला सासूबाईंनी जबरदस्ती केली होती का?" जयंतीनं हळूच विचारलं. इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न विचारला नव्हता, कारण उत्तर काहीही आलं तरी ते घेऊन झोपायचं तिलाच होतं.

"नाही," प्रमोदिनी म्हणाली. "त्यांनी विचारलं. मी रात्रभर विचार केला आणि हो म्हटलं. तुमच्याकडे बघवत नव्हतं, वहिनी. आणि मला वाटलं होतं, घरातच तर आहे. दिसेल, बोलेल." तिनं पुऱ्यांच्या ताटावर फडकं ओढलं. "फक्त तुम्ही चार दाणे परत ठेवाल असं वाटलं होतं. सगळे हसतात त्याला. मीही हसते. विमानात बसले तेव्हा मात्र हात रिकामा होता. तांदळाचे दाणे ते, काय करणार होते मी घेऊन. पण रिकामा होता."

 गेली कित्येक वर्षं प्रमोदिनी घरी यायची आणि जाताना जयंती तिला हळदीकुंकू लावायची, डबा भरून द्यायची. ओटी कधी भरली नाही. पुण्यातून आलेले खण कपाटात पडून असायचे, टोपलीत नारळ असायचा, तरी नाही. पदरात काही घातलं की आपल्या पदरातलं काही जाईल, अशी एक वेडगळ भीती तिच्या मनात घर करून बसली होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. प्रकाशनं ओळखली असावी, पण तो कधी बोलला नाही. प्रमोदिनीनं तर ओळखली असणारच, कारण ज्या बाईला ओटीविना पाठवतात तिला ते कळल्यावाचून राहत नाही.

टेबलाशी मोहन म्हणत होता, "'सिन्स इन्फन्सी' टाक. आणि 'नो कॉन्टॅक्ट'."

चकल्यांचा डबा ओट्यावर तसाच होता.

"वल्लरी," जयंती म्हणाली, "ते पुसून टाक."

"काय, जयूकाकू?"

"ते पत्र. नाही पाठवायचं." तिनं पिठाचे हात पुसले आणि टेबलाशी गेली. "टाकला नव्हता त्याला. माझ्या ओटीत घातला होता. सगळ्यांसमोर, देवापुढे. आणि संबंध ठेवला नाही म्हणे. चकल्या कुणासाठी येतात या घरात? मी काय आंधळी आहे?"

"वहिनी, हे तुमच्यासाठीच चाललंय," मोहन म्हणाला.

"माझ्यासाठी नको. मी टाकलेलं पोर उचललं नाही. मला दिलेलं आहे ते." तिनं निहारकडे बोट केलं. "उद्या हा ते पत्र वाचेल. याच्या कॉलेजात ते फाइलला राहील. जन्मभर राहील. आईनं टाकलं म्हणून याला सरकारनं शिकवलं. असं शिक्षण मला नको."

निहार तिच्याकडे बघत होता. त्याला मराठी सगळं कळायचं, पण रडू आलं की तो इंग्रजीत जायचा. "आई, इट्स जस्ट अ फॉर्म."

"तेच मी गुरुवारपासून स्वतःला सांगतेय," जयंती म्हणाली. "ते काही खरं नाही."

 मग मोहननं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि मजकूर स्वतःच पुसला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त नोंदीत जे नाही ते नाहीच असं मानायची त्याला सवय लागली होती. "ठीक आहे," तो म्हणाला. "माझी माहिती टाका. कुणी विचारलं तर सांगेन, दोन मुलं आहेत. एक भावाकडे वाढलं. त्यात लपवायचं काय आहे?" मग जरा थांबून, "सही एकाचीच लागते ना? मग मी करतो. म्हणजे बायकांचा प्रश्नच येत नाही."

"बरोबर," प्रकाशनं मान डोलावली. "वडिलांची सही. सरळ काम." दोघा भावांचं पुन्हा एकमत झालं होतं.

जयंतीला हसू आलं, तेही थकलेलं. किती सोपं करून टाकलं होतं दोघांनी. वडिलांच्या सहीनं कुणाच्या पोटात कालवत नाही, म्हणून वडिलांची सही.

"नको," ती म्हणाली. "प्रमोदिनी करेल."

प्रमोदिनी ओट्यापलीकडून तशीच बघत राहिली.

"ये," जयंती म्हणाली. "हात धू आणि ये. तेलाचे डाग पडतील."

प्रकाशच्या प्रिंटरची शाई संपत आली होती. सहीचा कागद फिकट निघाला, पुन्हा काढला, तोही फिकट निघाला. शेवटी वल्लरी म्हणाली, वाचता येतंय ना, बस झालं. प्रमोदिनीनं खुर्ची ओढली, पेन घेतलं, आणि कागदावर निहारचं नाव छापलेलं होतं ते आधी वाचलं. बराच वेळ वाचलं. मग खाली, जिथं पालकाची सही असं होतं, तिथं सही केली. तिचं अक्षर बारीक आणि तिरकं होतं. निहारचंही तसंच आहे, हे जयंतीला फार पूर्वीपासून माहीत होतं आणि तिनं ते कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आज तिनं नुसतं बघितलं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. दुखलं, पण उभं राहता येण्याइतपत.

पाकिटावर तिकिटं जयंतीनं लावली. निहार पाकीट जाकिटाच्या आत घालून सायकलवर कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीकडे गेला.

"बाहेरगावच्या खाचेत टाक रे," तिनं मागून सांगितलं. "जवळच्या नको."

"माहितीये, आई."

मग जेवणं झाली. पुऱ्या गार झाल्या होत्या, श्रीखंड सगळ्यांनी जास्तच छान आहे म्हणून सांगितलं, आणि निहारनं परत आल्यावर चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन निम्मा संपवला. प्रमोदिनी त्याच्याकडे बघत नव्हती असं दाखवत होती. मोहननं प्रकाशला रॉटरडॅममधल्या एका ओपनिंगबद्दल सांगितलं. प्रकाश म्हणाला, पाठवून बघतो सीव्ही. त्यातून काही निष्पन्न होईल असं दोघांनाही वाटत नव्हतं, पण बोलणं झालं. मदत मंजूर होईल की नाही, मोहनचा पगार त्या मदतीच्या मर्यादेत बसेल की नाही, तेही कुणालाच ठाऊक नव्हतं. वल्लरी म्हणाली, आता तीन-चार आठवडे वाट बघायची.

पाच वाजायच्या आत मोहननं गाडीची किल्ली हातात घेतली. प्रमोदिनी कोट घालत होती. जयंतीनं तिला कुंकू लावलं आणि म्हणाली, "थांब जरा."

ती आतून ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, खण. नारळ द हेगच्या सुरिनामी दुकानातून आणलेला होता आणि महिनाभर टोपलीत पडून होता. हलवून पाहिला, पाणी वाजत होतं. मोहन किल्ली वाजवायचा थांबला.

"पदर नाहीये माझ्याकडे," प्रमोदिनी म्हणाली. 

"कोट धर."

प्रमोदिनीनं कोटाचे दोन्ही पदर उचलून पुढे धरले. जयंतीनं ओंजळीनं तांदूळ घातले, एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, खण ठेवला, नारळ ठेवला. काही दाणे कोटाच्या खिशात गेले, काही जमिनीवर सांडले. इतकी वर्षं ज्या गोष्टीची भीती वाटत होती ती करून झाली होती, आणि निहार बाजूलाच बूट घालत होता, काकांची गाडी वळणापर्यंत पोचवायला. तो कुठं जाणार नव्हता. निदान आज तरी नाही.

"सगळे ने," जयंती म्हणाली. "मीही तेव्हा सगळेच नेले होते."

प्रमोदिनीनं कोट एका हातात गोळा करून धरला. दुसऱ्या हातानं आतले दाणे चिमटीत घेतले, जयंतीचा तळवा वर केला आणि त्यावर ठेवले.

"असे परत ठेवायचे असतात, वहिनी," ती म्हणाली.

गाडी गेली. प्रकाश पुन्हा खिडकीशी जाऊन बसला. जयंती मूठ मिटून स्वयंपाकघरात आली, संध्याकाळच्या भाताचे तांदूळ धुवायला काढले, आणि मूठ त्यात उघडली.